जंगलात हरणे सोडली, तर बिबट्या ऊस सोडेल?

नगर-कल्याण रस्त्याने ओतूर मागे टाकून आळेफाट्याकडे निघाले, की वाटेत पिंपरी पेंढार लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, कांदा, टोमॅटो, मधूनच एखादी डाळिंबाची बाग. दिवस कलला, की इथल्या वस्त्यांवर एक गडबड सुरू होते. शेळ्या आत घ्यायच्या, पोरे आत घ्यायची, अंगणातला दिवा लावायचा, आणि मग कुणीतरी विचारते, "कुत्रं कुठाय?" कुत्रे सापडले नाही, तर घरातली माणसे एकमेकांकडे बघतात, पण कोणी काही बोलत नाही.

२०२४ साली या गावाच्या शिवारात शेतकामाला गेलेल्या बाईमाणसांवर बिबट्याने झडप घातली आणि जीव गेले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांच्या आत तीन जीव गेले; त्यांत दोन लहान मुले होती. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी परवानगी निघाली आणि ४ नोव्हेंबरच्या रात्री नेमबाजांनी एक बिबट्या मारला. त्या दिवसांत तिकडच्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जात होत्या. पूर्वी असला पट्टा धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असे. तो माणसाच्या गळ्यात आलेला पाहून मन सुन्न होते.

अशा मुलखात चार माणसे पारावर बसली, की बोलणे फिरून फिरून एकाच ठिकाणी येते. "अहो, जंगलात त्याला खायला राहिलं नाही, म्हणून तो आपल्यात आला. सरकारनं डोंगरात हरणं सोडावी, म्हणजे तो आपला आपण तिकडं जाईल." हे बोलणे एस.टी.त ऐकू येते, बाजारात ऐकू येते, ग्रामसभेत तर ठरावासारखे मांडले जाते. २०२५ च्या अखेरीस हरणांऐवजी जंगलात शेळ्याच सोडाव्यात, अशीही सूचना सरकारी पातळीवरून पुढे आली.

ज्याच्या दारात भीती उभी आहे, त्याच्या बोलण्याला हसू नये. शिवाय या बोलण्यात अर्धे खरे आहेच. पण आपण शेतकरी माणसे. दहा शेळ्या घ्यायच्या, तरी आधी चारा किती, पाणी किती, वर्षाला करडे किती, याचा हिशेब घालतो. मग हजारो हरणे सोडायची म्हणता, तर हरणाचाही हिशेब घालून बघायला नको का?

हरीण म्हणजे नेमके कोण?

आपण मराठीत दिसेल त्याला हरीण म्हणतो. खरे पाहता त्यात दोन वेगवेगळी घराणी आहेत, आणि ओळखायची खूण शिंगात आहे.

सांबर, चितळ आणि भेकर हे एक घराणे. यांच्यात शिंगे फक्त नराला. शिंग भरीव हाडाचे, त्याला फाटे फुटतात आणि ते दरवर्षी गळून पडते. गळाले, की त्या जागी नवे कोंब येतात. वाढत्या शिंगावर मखमलीसारखी लव असते, आत रक्त खेळत असते, आणि नर त्या काळात मोठा जपून वागतो. वाढ पुरी झाली, की ती कातडी सुकते. मग नर झाडाच्या बुंध्यावर शिंगे घासतो आणि कातडी उतरवतो. झाडाची साल कमरेएवढ्या उंचीवर सोललेली दिसली, तर समजावे, की इथे सांबराचा नर माजावर येऊ लागला आहे.

काळवीट, चिंकारा आणि चौशिंगा हे दुसरे घराणे. यांची शिंगे गाई-म्हशींसारखी. आत हाडाचा खुंट, वर पोकळ खोळ. ती गळत नाहीत आणि त्यांना फाटेही नसतात. काळविटाची शिंगे पिळदार असतात. नर वयात आला, की पाठीवर काळा होत जातो. मादी मात्र जन्मभर तांबूस. विदर्भातली रोही, म्हणजे नीलगाय, ती याच घराण्यातली.

जुन्या घरांतून सांबरशिंगाचा तुकडा असायचाच. पोराला कफ झाला, की आजी तो सहाणेवर उगाळून छातीला लेप लावायची. ती गळालेली शिंगे रानात सापडत. आता सांगून ठेवतो, गळालेल्या शिंगाचाही व्यापार कायद्याने बंद आहे. बाजारात कोणी असला तुकडा विकायला आणला, तर हात लावू नका.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरात यांतले कोण आहे? भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले ते मुख्यतः शेकरूसाठी. त्या दाट रानात भेकर आहे, सांबर आहे, आणि सशाएवढी पिसोरीही आहे. पिसोरीचे घराणे आणखी निराळे. तिला शिंगेच नसतात. भेकर वजनाला वीस किलोच्या आसपास. ते कळप करीत नाही, एकट्याने किंवा जोडीने राहते, आपली जागा राखते. त्याला धोका जाणवला, की ते कुत्र्यासारखे भुंकते. रात्री डोंगराकडून एकसुरी, थांबून थांबून भुंकणे कानावर आले आणि गावातले एकही कुत्रे त्याला साथ देत नसेल, तर ते बहुधा भेकर असते.

सांबर अंगाने मोठे. पूर्ण वाढलेला नर दोनशे-सव्वादोनशे किलोच्या वर जातो. असा नर बिबट्या सहसा अंगावर घेत नाही. तो सांबराची पाडसे आणि माद्या धरतो. सांबर दिवसा दाट झाडीत बसते, अंधार पडला की पाण्यावर आणि चाऱ्यावर उतरते. चिंकारा आणि काळवीट हे माळरानाचे. बारामती, दौंड, इंदापूरच्या माळांवर चिंकारा दिसतो. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली त्याच्याचसाठी राखले. त्याला पाणी फार थोडे लागते. बोराटीच्या पाल्यातून आणि दवातून त्याचे बरेचसे भागते.

चितळाविषयी लोक जास्त बोलतात, कारण चित्रात आणि सर्कशीच्या जाहिरातीत हरीण म्हटले, की ठिपक्याचे चितळच असते. कळपाने राहणारे, दिसायला देखणे, वाढायलाही बरे. पण त्याला हवी मोकळी पानगळीची झाडी, मधे मधे गवताची कुरणे, बारमाही पाणी आणि सपाट किंवा हलक्या उताराची जमीन. मेळघाटात, ताडोबात, पेंचला ते सुखाने राहते. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर, चार महिने धो धो पावसात, कारवीच्या गचपणात त्याचे मन रमत नाही. माळशेजच्या माथ्यावर नेऊन सोडलेले चितळ तिथेच राहील, ही अपेक्षा म्हणजे देशावरची मेंढरे कोकणात भातखाचरात चरायला सोडण्यासारखी आहे.

हरणाची वाढ आणि बिबट्याची भूक

आता वाढीकडे बघू. आपली शेळी पाच महिन्यांत विते आणि पुष्कळदा जुळे देते. चितळाची मादी साडेसात महिने गाभण राहते आणि एकच पाडस देते. सांबर आठ महिने, तेही एकच. शिवाय पाडसांतली किती जगतात? कोल्हा, रानकुत्रा, अजगर, गावकुत्री आणि थंडी-पाऊस यांतून वाचतील तेवढीच.

वाघाचा अभ्यास करणारे एक ढोबळ हिशेब सांगतात. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी पन्नास जनावरे लागतात, आणि रानातल्या चरणाऱ्या जनावरांतून दहाला एक या प्रमाणात ती उचलली गेली, तरच कळप टिकतो. म्हणजे एका वाघामागे पाचशे जनावरे. बिबट्या वाघापेक्षा पुष्कळ लहान. त्याचा खुराक निम्म्याने धरा, अडीचशे धरा. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात, आणि तिथल्या बिबट्यांची गोष्ट शंभराच्या हिशेबानेच निघते. नुसते शंभर धरले, तरी पंचवीस हजार चितळे झाली. एक चितळ रोज किलोभर कोरडा चारा खाते असे धरले, तर पंचवीस टन चारा रोजचा, तोही वर्षभर. ज्या डोंगरात मार्चनंतर आपल्या गुरांना काडी मिळत नाही, तिथे हा चारा कोण पुरवणार?

त्यातून हरीण म्हणजे दावणीचे जनावर नव्हे. हरणाला धरणे हेच अवघड काम. नुसत्या भीतीने आणि धडपडीने त्याचे स्नायू असे काही बिघडतात, की धरलेले हरीण तासाभराने किंवा चार दिवसांनी मरून पडते. म्हणून आफ्रिकेतली बोमा नावाची रीत आपल्याकडेही वापरू लागले आहेत. मोठ्या नरसाळ्यासारखे कापडी कुंपण घालायचे, कळपाला हलकेच त्यात वळवायचे आणि हात न लावता थेट गाडीत चढवायचे. पेंचमधली चितळे सातपुड्याच्या राखीव जंगलात अशी नेली. २०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या शाजापूरकडे पिकांत घुसणारी शेकडो काळविटे हेलिकॉप्टरने वळवून याच रीतीने हलवली. करता येते, यात शंका नाही. पण जिथे नेली, तिथे कुरणे होती, पाणी होते आणि भोवती मोठे सलग जंगल होते.

समजा, हौसेने सह्याद्रीच्या पायथ्याला हजारभर चितळे सोडली. ती काय करतील? वर कडा आणि खाली कालव्याच्या पाण्यावरचा हिरवागार गहू, घास, कांद्याचे रोप. चितळाला वेड लागले आहे का वर चढायला? ती उतरून शेतात येतील आणि बिबट्या त्यांच्या मागोमाग. म्हणजे एका पंचनाम्याच्या जागी दोन.

पांढऱ्या शेपटीचे हरीण

हरणांच्या संख्येचा खेळ कसा चालतो, हे बघायचे असेल तर अमेरिकेकडे बघावे. तिकडे पांढऱ्या शेपटीचे हरीण आहे. घाबरले, की शेपूट निशाणासारखे उभे करून पळते. खालचा पांढरा रंग लांबून दिसतो आणि कळपाला इशारा मिळतो. बेसुमार शिकारीने १९०० च्या सुमारास ते पाच लाखांच्याही खाली आले होते. मग शिकारीवर बंधने आली, हंगाम ठरले, आणि दुसरीकडे लांडगे व पहाडी सिंह तिथल्या पूर्वेकडच्या मुलखातून आधीच नाहीसे झाले होते. या हरणाची चांगली पोसलेली मादी बहुतेक वेळा जुळे देते. खाणारा नाही, मक्याची आणि सोयाबीनची शेते मोकळी! आज ती हरणे अडीच-तीन कोटींच्या घरात आहेत. पिके खातात, रोपटी खाऊन जंगल वर येऊ देत नाहीत, आणि मोटारींवर त्यांच्या दरवर्षी दहा लाखांहून जास्त टकरी होतात.

तिथे शिकार परवान्याने चालते आणि शिकाऱ्यांना कळपाचे शास्त्र शिकवले जाते. त्यातली एक गोष्ट आपल्यालाही लागू आहे. मोठ्या शिंगांचे नर मारून कळप कमी होत नाही. दहा शेळ्यांना एक बोकड पुरतो, हे आपल्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते; हरणांतही एक नर अनेक माद्यांना पुरतो. संख्या आवरायची तर माद्या मोजून कमी कराव्या लागतात. तिकडच्या शिकाऱ्यांना ही गोष्ट पटायला बरीच वर्षे लागली, कारण भिंतीवर लावायला मादीला शिंगे नसतात!

आपल्याकडे अंदमानात याचीच छोटी आवृत्ती झाली. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे चितळे नेऊन सोडली. बेटावर त्यांना खाणारे कोणी नव्हते. ती पसरली आणि आज तिथल्या जंगलातली कोवळी रोपे वर येऊ देत नाहीत.

आपल्या कायद्याची वाट वेगळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपली, आणि ते बरे झाले. तोवर जीप आणि झोतदिव्याने माळ रिकामे करीत आणले होते. काळवीट आणि चिंकारा पहिल्या परिशिष्टात आहेत. पिकाचे कितीही नुकसान केले, तरी त्यासाठी त्यांना मारण्याची परवानगी मिळत नाही. रोही आणि रानडुकराच्या बाबतीत मात्र, उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर अर्ज करून परवानगी मिळवण्याची वाट राज्याने ठेवली आहे. परवानगीशिवाय तारेत वीज सोडणे किंवा फासे लावणे हा गुन्हा, आणि त्या तारेत रानडुकरापेक्षा शेजारचा माणूस किंवा आपलाच बैल अडकण्याची भीती जास्त.

संरक्षण देऊन कळप वाढला, की पुढे काय होते, हे बघायला अमेरिकेला जायची गरज नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. १९८० साली झाले, क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे साडेपाचशे एकरांच्या आत. काळवीट तिथे चांगले वाढले. पण एवढ्याशा जागेत ते मावणार कसे? तेव्हा कळप आसपासच्या ज्वारी-हरभऱ्यात उतरतो. नुकसान एकट्या शेतकऱ्याचे आणि कौतुक साऱ्या राज्याचे, अशी तक्रार तिथल्या माणसाने केली तर ती खोटी म्हणता येणार नाही. पिकाचे नुकसान झाले, तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यावा लागतो. बिबट्याने शेळी-वासरू मारले, तर ४८ तासांच्या आत. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागचे हलवू नये. पुष्कळांची भरपाई एवढ्याच कारणाने बुडते.

बोरिवलीला चितळ आहे, तरी कुत्रे खातो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हरणे असली, तर बिबट्या गावाकडे फिरकत नाही, हे खरे आहे का?

मुंबईत बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे चितळ आहे, सांबर आहे. तरीही तिथल्या बिबट्यांच्या विष्ठा तपासल्या, तेव्हा त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा निघाला. जंगलाच्या काठावर कचरा, कचऱ्यावर कुत्री आणि कुत्र्यांवर बिबट्या. चितळ धरायला दबा धरावा लागतो, दहा वेळा फसावे लागते. कुत्रे आपणहून भुंकत अंगावर येते.

आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पट्ट्यात असाच अभ्यास केला. तिथे जंगल नाही आणि हरीणही नाही. बिबट्याच्या खाण्यातला वजनाने ८७ टक्के भाग पाळीव आणि गावातल्या जनावरांचा होता; एकट्या कुत्र्यांचाच ३९ टक्के. शेळ्या संख्येने कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही कमी खाल्ल्या गेल्या, कारण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रे मोकळे असते. त्याच भागात त्यांना शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक मोठे बिबटे आढळले. हे बिबटे भुकेले, हाडे निघालेले नव्हते. धडधाकट होते आणि पिल्ले वाढवत होते.

बिबट्याची मादी सव्वातीन महिन्यांत दोन-तीन पिल्ले देते. आडसाली ऊस शेतात दीड वर्ष उभा राहतो. दाट सावली, पाटाचे पाणी, आत कोणी येत नाही. पिल्लांना यापेक्षा चांगले घर डोंगरातही मिळायचे नाही. त्या पिल्लांनी डोळे उघडले ते उसात, आईने पहिली शिकार शिकवली ती वस्तीवरच्या कुत्र्याची. त्यांच्या लेखी जंगल हेच. त्यांना "परत" कुठे पाठवायचे?

पाठवून पाहिलेही आहे. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर भागात पिंजरे लावून पुष्कळ बिबटे धरले आणि डोंगरात, लांबच्या जंगलात सोडले. त्या काळात माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले; वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले, आणि सोडलेल्या जागांच्या आसपास जास्त झाले. अनोळखी मुलखात, पिंजऱ्यात धडका घेऊन जखमी झालेले जनावर सोडले, तर ते कसे वागेल? आणि इकडे उसातली जागा रिकामी झाली, की शेजारचा तरणा नर तिथे येऊन बसतो.

२००९ साली याच नगर-कल्याण रस्त्यावरच्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या काढला. त्याच्या गळ्यात उपग्रहाच्या मदतीने ठावठिकाणा सांगणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याचे नाव 'आजोबा' ठेवले होते. पुढे त्यावर मराठी चित्रपटही निघाला. घाटात जंगल होते. आजोबा तिथे थांबले नाहीत. रस्ते ओलांडत, खाडी पोहून, सुमारे महिनाभरात सव्वाशे किलोमीटर चालून ते मुंबईच्या उद्यानाकडे पोहोचले. वाटेत शेकडो वस्त्यांजवळून गेले आणि कोणाला नखही लावले नाही. २०११ साली गाडीखाली सापडून मेले. बिबट्याला कुठे राहायचे, हे आपण ठरवतो आणि तो ऐकतो, असे समजणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मग हरणांचा विषय सोडून द्यायचा का? मुळीच नाही. पण बाहेरून आणून ओतण्यापेक्षा आपल्या डोंगरात जे भेकर आणि सांबर उरले आहे, त्याला जगू द्यावे. दर उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागतो. काही वेळा गवत चांगले येईल म्हणून हाताने लावला जातो. त्यात कोवळा झाडोरा जातो, आणि पाडसे जातात ती वेगळी. हरणाची मादी पाडसाला गवतात लपवते आणि स्वतः लांब चरते, दूध पाजायला तेवढी येते. पाडसाला वास जवळजवळ नसतो, म्हणून कोल्ह्याला ते सापडत नाही. पण ते पळत नाही, बसून राहते, आणि वणव्यात बसल्या जागी जळते. माळाकडच्या गावांत हरभरा काढताना असे पाडस सापडते. आई सोडून गेली, असे समजून दयाळू माणसे ते घरी आणतात, गाईचे दूध पाजतात आणि आठवड्यात ते मरते. सापडले तिथेच ठेवावे आणि माणसांनी लांब व्हावे. संध्याकाळी आई येते.

ऊसतोडीत सापडणाऱ्या बिबट्याच्या पिल्लांचे हेच आहे. त्यांना हाताळू नये, फोटोसाठी कडेवर घेऊ नये. तोड थांबवून वनखात्याला कळवावे. १९२६ हा त्यांचा फुकट दूरध्वनी क्रमांक आहे. आपल्या भागात अशी कितीतरी पिल्ले खोक्यात घालून त्याच फडाजवळ ठेवली गेली आणि रात्री मादी येऊन घेऊन गेली. पिल्ले न मिळालेली मादी चार दिवस वस्तीभोवती फिरत राहते, आणि ते कोणालाच परवडणारे नाही.

माणसावर चटावलेला बिबट्या असेल, तर त्याचा बंदोबस्त केलाच पाहिजे. यात दोन मते नाहीत आणि तो वेळेवर झाला पाहिजे. मोजक्या माद्यांची नसबंदी करून बघण्याचा प्रयोगही २०२५ च्या अखेरीस मंजूर झाला आहे. पिलावळ आवरायची तर मादीकडे बघावे लागते, हे वर हरणांच्या बाबतीत आपण पाहिलेच. त्याचा गुण यायला वर्षे लागतील.

तोवर उन्हाळ्यापावसाळ्यात, आज रात्री, काय? गोठ्याला चारी बाजूंनी जाळी लावतात आणि वरून उघडा ठेवतात; बिबट्या वरूनच येतो. वरही जाळी हवी. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकण्याची सवय पोल्ट्रीवाल्यांनी सोडावी; तिथे कुत्री जमतात आणि पुढचे सांगायला नको. खुरपताना, गवत कापताना माणूस वाकलेला, बसलेला असतो आणि बिबट्याच्या नजरेला तो चार पायांच्या जनावराएवढाच दिसतो; म्हणून बायकांनी एकटीने उसाच्या कडेला बसू नये, दोघी-तिघींनी मिळून, बोलत, रेडिओ लावून काम करावे. लहान पोराला बांधावर बसवून आपण सरीत जाऊ नये. ऊस तोडताना चारी बाजूंनी फड घेरू नये, एका अंगाने तोडत जावे म्हणजे आतल्या जनावराला वाट राहते.

आणि विजेचे काय? पंपाला वीज रात्री येते. शेतकरी अंधारात, हातात बॅटरी घेऊन, उसाच्या सरीतून पाणी वळवायला जातो, नेमक्या त्याच वेळी, जेव्हा बिबट्याचा दिवस सुरू होतो. दिवसा वीज द्या, ही मागणी या तालुक्यांतली माणसे वर्षानुवर्षे करीत आहेत. पंचवीस हजार चितळांपेक्षा हे काम सोपे आहे. पुढच्या ग्रामसभेत हरणांचा ठराव मांडणार असाल, तर त्याच्या वर हा एक मांडा, आणि कोणत्या वस्तीच्या कोणत्या रोहित्रावर रात्री किती ते किती वीज येते, हे वहीत लिहून सोबत जोडा.